झैपे: उत्तर हॉलंडच्या किनाऱ्यावरची माजी पालिका – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झैपे नेमकं कुठे आहे?

नेदरलँड्सच्या उत्तर हॉलंड प्रांतात, उत्तर समुद्राच्या काठाला. अल्कमार शहरातून डेन हेल्डरच्या नौदल बंदराकडे एन-९ हा रस्ता जातो. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा मधला मोठा पट्टा म्हणजे झैपे. पश्चिमेला समुद्र आणि वाळूच्या टेकड्या, पूर्वेला वेस्टफ्रीस ओमरिंगडाइक हा मध्ययुगीन बांध, उत्तरेला १८४० च्या दशकात समुद्राकडून मिळवलेला आना पाउलोना पोल्डर (पोल्डर म्हणजे बांध घालून पाण्यातून मिळवलेली जमीन). क्षेत्रफळ १२० चौरस किलोमीटरच्या थोडं वर आणि लोकवस्ती शेवटच्या वर्षांत साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे जागा ऐसपैस, माणसं मोजकी.

पालिकेचं कार्यालय स्खाखेरब्रुख या गावात होतं. त्याखेरीज बुर्खरब्रुख, सिंट मार्टेन्सब्रुख, आउदेस्लॉइस, ट झंट, पेटन, कलांट्सओख, ख्रोटे केटन अशी गावं आणि वाड्या तिच्यात यायच्या.

ऑनलाइन नकाशात शोधलं तर भलतंच ठिकाण दिसतं. असं का?

याला दोन कारणं आहेत. पहिलं, या नावाची पालिका आता अस्तित्वात नाही. १ जानेवारी २०१३ रोजी झैपे, स्खाखन आणि हारेनकार्स्पेल या तीन पालिका एकत्र करण्यात आल्या आणि नव्या पालिकेला स्खाखन हेच नाव राहिलं. दुसरं, नेदरलँड्सच्या नैऋत्येला झेलांड प्रांतात, ब्राउनिसे गावाजवळ झैपे नावाचीच एक खाडी आहे. शोधयंत्र पुष्कळदा तिकडे नेऊन सोडतं. रोमन लिपीत झेड, आय, जे, पी, ई अशी अक्षरं टाकून सोबत ‘स्खाखन’ किंवा ‘पेटन’ जोडलं की गोंधळ मिटतो. जुन्या इंग्रजी आणि फ्रेंच कागदपत्रांत मात्र आय-जे ऐवजी वाय लिहिलेला आढळतो. १७९९ च्या लढायांची माहिती शोधत असाल तर तेही रूप टाकून पाहा.

पालिका विलीन का झाली?

नेदरलँड्समध्ये १९०० साली अकराशेच्या वर पालिका होत्या, २०२३ मध्ये ३४२ उरल्या. समाजकल्याण, युवा मदत, नियोजन अशी कामं केंद्राकडून पालिकांकडे येत गेली आणि दहा-अकरा हजार वस्तीच्या पालिकेला ती झेपेनाशी झाली. झैपे स्वतःही अशीच वाढलेली होती. पेटन १९२९ पर्यंत स्वतंत्र पालिका होतं आणि कलांट्सओख १९९० पर्यंत. ही दोन वर्षं लक्षात ठेवा, जुनी कागदपत्रं शोधताना कामी येतात.

इथे पूर्वी समुद्र होता हे खरं का?

हो. सोळाव्या शतकापर्यंत ‘झैपे’ हे जमिनीचं नव्हे, पाण्याचं नाव होतं. पेटन आणि कलांट्सओख यांच्या मधून समुद्र आत शिरायचा आणि भरतीचं पाणी थेट ओमरिंगडाइकच्या पायाशी येऊन लागायचं. कलांट्सओख तेव्हा बेट होतं. ओमरिंगडाइक हा १२६ किलोमीटर लांबीचा गोल बांध तेराव्या शतकात पूर्ण झाला आणि त्याच्या आतला वेस्टफ्रीसलांड सुरक्षित राहिला. बांधाच्या बाहेर होती ती गाळाची, खारट गवताची, भरतीला निम्मी बुडणारी जमीन.

आज या बांधावरून सायकल चालवली तर एका बाजूला वेडीवाकडी मध्ययुगीन शेतं आणि दुसऱ्या बाजूला पट्टीनं आखल्यासारखी सरळ शेतं दिसतात. ती सरळ बाजू झैपेची.

मग ही जमीन कधी आणि कशी मिळाली?

एका दमात नाही. पहिला मोठा प्रयत्न १५५० च्या दशकात झाला आणि त्याचा एक प्रमुख सूत्रधार होता यान फान स्कोरेल. होय, तोच चित्रकार, रोमला राहून आलेला. त्या काळी कलावंत, धर्मोपदेशक आणि बांधकामाचा ठेकेदार ही तिन्ही कामं एकच माणूस करू शकायचा. बांध उभा राहिला, लोक शेती करू लागले, आणि १ नोव्हेंबर १५७० च्या ‘ऑल सेंट्स’ पुरानं सगळं परत घेतलं. जुनं कलांट्सओखही त्याच पुरात गेलं.

त्यातच स्पेनविरुद्धच्या डच बंडाचं, ऐंशी वर्षांचं युद्ध इथवर येऊन पोहोचलं. १५७३ मध्ये स्पॅनिश फौजेनं अल्कमारला वेढा घातला, तेव्हा बंडखोरांनी बांध फोडून आणि झैपेची पाणदारं उघडून आसपासचा मुलूख पाण्याखाली घालायचं ठरवलं. वेढा ८ ऑक्टोबर १५७३ ला उठला. जमीन राखण्यापेक्षा बुडवणं त्या वर्षी जास्त उपयोगाचं ठरलं. अखेर १५९७ मध्ये बांध पुन्हा बंद झाला आणि तो टिकला. म्हणून पोल्डरचं जन्मवर्ष १५९७ मानतात.

बेमस्टरसारखं तळं उपसूनच हे केलं ना?

नाही, आणि ही चूक सर्रास होते. बेमस्टर (१६१२) हे तळं होतं. भोवती बांध घालून पवनचक्क्यांनी पाणी उपसलं, तळ उघडा पडला आणि तो समुद्रसपाटीच्या कितीतरी मीटर खाली आहे. झैपे हा समुद्रानं स्वतः गाळ टाकून उंचावलेला भाग. तिथे उपसा हे मुख्य काम नव्हतं, आत येणारी भरती अडवणं हे होतं.

अशा कामाचा क्रम ढोबळपणे असा. ओहोटीला उघडी पडणारी जमीन मोजायची आणि बांधाची रेषा शक्यतो उंच गाळावरून न्यायची. दोन्ही टोकांकडून बांध पुढे सरकवत आणायचा. आतलं पाणी ओहोटीला बाहेर पडावं आणि भरतीला आत येऊ नये यासाठी बांधात दारं बसवायची. गोव्याच्या खाजणात मानस करते तेच काम: बाहेरचं पाणी चढलं की दाब पडून दार मिटतं, उतरलं की उघडतं. दारं आधी आणि बांधाची शेवटची फट नंतर, हा क्रम उलटा झाला तर आत अडकलेलं पाणी बांध आतून पोखरतं.

सगळ्यात घातक ती शेवटची फट. फट जितकी अरुंद होत जाते तितकं तेवढंच पाणी कमी जागेतून जातं, प्रवाह वाढतो आणि तळाची वाळू खरवडून खड्डा पाडतो. म्हणून ती उधाणाच्या नव्हे, भांगाच्या दिवसांत, ओहोटी-भरतीच्या मधल्या शांत वेळेत, फांद्यांच्या मोळ्या आणि चिकणमाती आधीच हाताशी ठेवून एकदम बुजवावी लागे. बंद झाल्यावरही जमीन लगेच गव्हाला येत नाही. पावसानं मीठ धुऊन जायला काही हंगाम जातात. त्या काळच्या डच नव्या पोल्डरांत पहिलं पीक बहुधा मोहरीच्या कुळातलं तेलबी असायचं, ते खारटपणा सोसतं.

जमीन कोरडी झाली की ती खचते. मग नुसत्या ओहोटीवर भागत नाही, तेव्हा पवनचक्क्या आल्या. झैपे पोल्डर अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विभागांत वाटलेला होता आणि इथल्या पाणउपशाच्या काही पवनचक्क्यांची नावं आजही केवळ अक्षरांची आहेत. पर्यटकाला ती रुक्ष वाटतात, पण कोणती चक्की कुठल्या तुकड्याचं पाणी काढायची हे नावातच लिहिलेलं असतं.

गावांची नावं इतकी सारखी का? सिंट मार्टेन किती आहेत?

चार, आणि ती एकाच रस्त्यावर ओळीनं येतात. पूर्वेकडून पश्चिमेला निघा. ओमरिंगडाइकच्या आत सिंट मार्टेन हे जुनं गाव (ते झैपेत नव्हतं). बांध ओलांडून पोल्डरमध्ये उतरलात की ख्रोटे स्लोट हा पोल्डरभर दक्षिणोत्तर गेलेला पाट आडवा येतो. त्यावरच्या पुलाशी सिंट मार्टेन्सब्रुख. पुढे एकोणिसाव्या शतकातला कालवा, त्यावरच्या तरत्या पुलाशी सिंट मार्टेन्सव्लॉटब्रुख. आणि समुद्राकाठी विसाव्या शतकात सुट्टीच्या घरांनी वाढलेलं सिंट मार्टेन्सझे. मध्ययुगीन बांध, १५९७ चा पोल्डर, १८२४ चा कालवा आणि आधुनिक पर्यटन, अशा चार काळांमधून तासाभराच्या सायकलीत जाता येतं. बुर्खरब्रुख–बुर्खरव्लॉटब्रुख ही जोडीही तशीच. स्खाखेरब्रुख म्हणजे स्खाखनहून येणारा रस्ता पाट ओलांडतो ती जागा.

या पाटाच्या काठी सतराव्या शतकात ॲमस्टरडॅम आणि अल्कमारच्या पैसेवाल्यांनी बागबंगले बांधले होते. बहुतेक पाडले गेले. सिंट मार्टेन्सझेजवळचं विल्डरैक हे छोटं रान त्या जुन्या बागांपैकी एकाची खूण आहे. एप्रिल-मे महिन्यात तिथली जमीन रानटी हायसिंथनं निळी होते.

तरता पूल म्हणजे नक्की काय? तो उघडतो कसा?

उत्तर हॉलंड कालवा १८१९ ते १८२४ या काळात यान ब्लांकन या अभियंत्याच्या देखरेखीखाली खणला. ॲमस्टरडॅमच्या बंदराकडे येणारी वाट गाळानं उथळ झाली होती, म्हणून मोठ्या जहाजांना डेन हेल्डरहून सरळ आत आणायचं होतं. कालवा रुंद, जहाजांची शिडं उंच. उचलता पूल इतक्या रुंदीवर त्या काळी महाग पडला असता आणि मऊ जमिनीत खांब उभे करणं अवघड होतं.

तोडगा असा: दोन्ही काठांवरून पाण्यात पुढे येणारा एक पक्का उतार. त्याच्या पुढे मधोमध मिळणारे दोन तरते तुकडे. जहाज आलं की हे तुकडे एकमेकांपासून सुटतात आणि मागे सरकून काठाकडच्या पक्क्या भागाखाली शिरतात. मधला मार्ग पूर्ण मोकळा, वर उंचीची मर्यादा नाही. गाडीतून जाताना तुकड्यांच्या जोडावर चाकांखाली धडधड होते आणि पूल किंचित दबतो, ते घाबरण्यासारखं नाही. सायकलवाल्यांनी मात्र पावसात जोडपट्ट्या तिरक्या ओलांडू नयेत, चाक घसरतं. पूल उघडा असला की थांबण्याशिवाय इलाज नाही. एन-९ वर वेळ चुकण्याचं हेही एक कारण असतं.

पेटन गाव समुद्रानं खरंच गिळलं होतं का?

हो, आणि एकदाच नाही. १८-१९ नोव्हेंबर १४२१ च्या सेंट एलिझाबेथ पुरात पेटन नष्ट झालं. त्यानंतर किनारा मागे हटत राहिला आणि गावही त्याच्या मागोमाग आत सरकत राहिलं. जुन्या पेटनच्या जागा आज पाण्याखाली आहेत. शेवटचा घाव मात्र समुद्राचा नव्हता. १९४३ मध्ये जर्मन सैन्यानं ‘अटलांटिक वॉल’ या किनारी तटबंदीसाठी गाव रिकामं करून जमीनदोस्त केलं. आजचं पेटन हे युद्धानंतर नव्यानं आखून बांधलेलं गाव आहे. तिथे जुनी गल्ली किंवा जुनं चर्च शोधायला गेलात तर काही हाती लागणार नाही.

होन्ट्सबोसे बांध इतका महत्त्वाचा का?

हॉलंडचा किनारा बहुतांशी वाळूच्या टेकड्यांनी राखलेला आहे. पेटन आणि कांपरडॉइन यांच्या मधल्या साधारण साडेपाच किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र मध्ययुगातच टेकड्या वाहून गेल्या. तिथे नुसता बांध होता. हा एक तुकडा फुटला तर पाणी झैपेवर थांबणार नव्हतं, उत्तर हॉलंडच्या मोठ्या सखल भागात पसरणार होतं. म्हणून खर्चाचा वाटाही दूरदूरच्या पोल्डरांवर पडायचा आणि त्यावरून शतकानुशतकं भांडणं चालली.

एकाच बांधावर विसंबायचं नाही ही इथली जुनी पद्धत. समुद्राला भिडलेला तो ‘जागता’, त्याच्या मागे ‘झोपलेला’, आणि आणखी मागे ‘स्वप्न पाहणारा’, अशी डच नावं तीन बांधांना आहेत. पुढचा फुटला तर मागचा उठतो, या हिशेबानं. बांधासाठी लागणारी चिकणमाती मागच्या शेतांतून खणली गेली. ते खड्डे पाझरलेल्या खाऱ्या पाण्यानं भरले आणि आज ‘पुटन’ नावानं पक्षिनिरीक्षकांच्या आवडीचे आहेत.

अठराव्या शतकात लाकडी खुंटांना मोठा धक्का बसला. जहाजांबरोबर पसरलेला लाकूड पोखरणारा समुद्री शिंपला १७३० च्या सुमारास डच बांधांत सापडला आणि पाण्याखालचं लाकूड चाळणीसारखं झालं. मग महागडा परदेशी दगड आणून उतार दगडी करावे लागले. पुढे १९५३ च्या पुरानंतर राष्ट्रीय निकष कडक झाले आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी होन्ट्सबोसे बांध ॲमस्टरडॅमच्या प्रमाण पातळीपेक्षा (ढोबळपणे समुद्रसपाटीपेक्षा) सुमारे साडेअकरा मीटर उंच केला गेला.

एवढा उंच बांध असताना पुढे वाळू का टाकली?

कारण दोष उंचीचा एकटीचा नव्हता. बांध जागचा हलत नाही, पण दोन्ही बाजूंचा वालुकामय किनारा मागे सरत होता, त्यामुळे बांध समुद्रात नाकासारखा पुढे आला. त्याच्या पायाशी वाळू साठत नव्हती, पाणी खोल होत होतं आणि खोल पाण्यात लाटा न फुटता पूर्ण जोरानं बांधावर येत होत्या. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या तपासणीत हा पट्टा देशाच्या किनाऱ्यावरच्या ‘कमकुवत कड्यां’पैकी एक ठरला. उतारावरून उसळून मागे पडणारं पाणी बांधाचा आतला, गवताचा उतार धुऊन काढतं. बांध बहुधा पुढून नव्हे, मागून फुटतो, हे इथल्या अभियंत्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणखी उंच करायचं तर पायाही रुंद करावा लागतो, आणि मागे जागा नव्हती. म्हणून २०१३ ते २०१५ या काळात बोस्कालिस आणि फान ऑर्ड या कंपन्यांनी समुद्राच्या बाजूला सुमारे साडेतीन कोटी घनमीटर वाळू टाकली. पद्धत साधी पण अवाढव्य: गाळ उपसणारं जहाज किनाऱ्यापासून दूर, पुरेशा खोल पाण्यात तळाची वाळू ओढून पोट भरतं. किनाऱ्याजवळून वाळू घेत नाहीत, नाहीतर किनारा खड्ड्याकडे घसरतो. मग जहाज जवळ येऊन नळीनं किंवा हवेत कमान करून वाळू फेकतं. बुलडोझरनं आकार दिला जातो आणि वर ‘हेल्म’ हे वाळू धरून ठेवणारं गवत हातभर अंतरानं लावतात. गवत लावायला उशीर झाला तर वाऱ्यानं वाळू मागच्या रस्त्यांवर आणि घरांवर जाते.

ही पुळण आणि टेकड्या झिजणार हे गृहीत धरलेलं आहे. ठरावीक काळानं वाळूची भर घालावीच लागते. जुना दगडी बांध आत तसाच आहे, फक्त आता तो समुद्राला भिडत नाही. २०१५ पूर्वीची छायाचित्रं पाहून लाटा थेट दगडावर आदळताना पाहायला जाणाऱ्यांची निराशा होते. तिथे आता रुंद पुळण आहे.

१७९९ ची लढाई इथे का झाली?

फ्रान्सच्या पंखाखालचं बटेव्हियन प्रजासत्ताक (तेव्हाचं डच राज्य) पाडण्यासाठी ब्रिटन आणि रशियानं सैन्य उतरवलं. जागा निवडली कलांट्सओखजवळची पुळण, २७ ऑगस्ट १७९९. डेन हेल्डर आणि तिथलं डच आरमार हे पहिलं लक्ष्य होतं आणि ते काही दिवसांत साधलं. ३० ऑगस्टला आरमार न लढता शरण आलं.

त्यानंतर ब्रिटिश सेनापती सर राल्फ ॲबरक्रोम्बी झैपे पोल्डरमध्ये ठाण मांडून बसले, आणि ही निवड हुशारीची होती. पोल्डरचा दक्षिण-पूर्वेचा बांध ही तयार तटबंदी, त्याच्या पुढचा पाट हा तयार खंदक. १० सप्टेंबरला जनरल ब्रूनच्या फ्रेंच-बटेव्हियन फौजेनं हल्ला केला. क्राबंडामच्या बाजूला जोराची लढाई झाली आणि हल्ला परतवला गेला. पण तटबंदीतून बाहेर पडताच मित्रसैन्याचं गणित फिसकटलं. वाट होती ती एका बाजूला भुसभुशीत वाळू आणि दुसऱ्या बाजूला पाटांनी चिरलेली ओली शेतं यांच्यामधून. शरदाच्या पावसानं रस्ते चिखल झाले, तोफा आणि धान्य पुढे सरकेना. १९ सप्टेंबरला बेर्खन, २ ऑक्टोबरला अल्कमारच्या पुढे, ६ ऑक्टोबरला कास्ट्रिकुम अशा लढाया झाल्या आणि मित्रसैन्याचा सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्कचं सैन्य पुन्हा झैपेच्या बांधामागे आलं. त्याचं मुख्यालय स्खाखेरब्रुखला होतं. १८ ऑक्टोबरच्या अल्कमार करारानुसार आठ हजार युद्धकैदी परत करून सैन्याला निघून जाऊ देण्यात आलं.

रणांगण म्हणून पाहायला जायचं असेल तर क्राबंडामचा बांध चालत पाहा. उंची बेताचीच आहे, पण सपाट मुलखात दोन-तीन मीटरही किती मोठे असतात ते तिथे समजतं.

पेटनला अणुभट्टी आहे म्हणतात. ती वीज बनवते का?

नाही. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या डच अणुसंशोधन केंद्राला पेटनच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये जागा मिळाली. वस्ती विरळ आणि थंडाव्यासाठी पाणी जवळ. ‘हाय फ्लक्स रिॲक्टर’ १९६१ मध्ये सुरू झाला. त्याची औष्णिक क्षमता ४५ मेगावॉट आहे आणि तो युरोपीय आयोगाच्या मालकीचा आहे. सुरुवातीला पदार्थांची चाचणी हे काम होतं, आता मुख्य काम वैद्यकीय समस्थानिकं.

रुग्णालयात हृदय, हाडं किंवा मूत्रपिंडाच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) फक्त ६ तास. म्हणून ते पाठवत नाहीत, त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ पाठवतात, ज्याचं अर्धायुष्य ६६ तास आहे. म्हणजे आठवड्यात सहावा हिस्सा जेमतेम उरतो. साठवण करताच येत नाही. भट्टी बंद, की काही दिवसांत रुग्णालयांच्या तारखा रद्द. हे प्रत्यक्ष घडलंही. ऑगस्ट २००८ मध्ये शीतनाच्या पाण्यात वायूचे बुडबुडे दिसले, तळाच्या पाइपांना गंज लागून त्यांचा आकार बदलल्याचं आढळलं आणि भट्टी फेब्रुवारी २००९ पर्यंत बंद राहिली. २०१० मध्ये दुरुस्तीसाठी ती पुन्हा कित्येक महिने बंद होती आणि त्याच सुमारास कॅनडातली मोठी भट्टीही बंद असल्यानं जगभर टंचाई झाली. जागा घेण्यासाठी ‘पलास’ ही नवी भट्टी तिथेच उभी राहते आहे.

आवार बंदिस्त आहे, सहज आत जाता येत नाही. कुंपणाबाहेरच्या सायकलवाटेवरून इमारती दिसतात तेवढ्याच.

ट्यूलिप बघायला इथे यावं का? कधी?

हो, आणि गर्दी टाळायची असेल तर नक्की. हार्लेम–लिसे पट्ट्यात जागा कमी पडू लागली तशी कंदशेती उत्तरेकडे आली. आज देशातला कंदांचा मोठा पट्टा डेन हेल्डर ते अल्कमार या बाजूला आहे. कंदाला हवी असते निचऱ्याची, चुनायुक्त वाळू आणि मुळांच्या खाली सतत एका पातळीवर धरलेलं भूजल. किनाऱ्यालगतच्या झैपेत दोन्ही जमतं. पाट आणि पंपांमुळे पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये सांभाळली जाते.

बहर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, थंडी लांबली तर थोडा उशिरा. लक्षात घ्या, शेतकरी फुलं विकत नाही, कंद विकतो. म्हणून फूल पूर्ण उमलून रोग आणि भेसळ तपासून झाली की यंत्रानं फुलांची मुंडकी छाटतात, म्हणजे जोर कंदात जातो. सकाळी लाल असलेलं शेत संध्याकाळी हिरवं दिसलं तर नवल नाही. उन्हाळ्यात काही शेतं सहा-आठ आठवडे मुद्दाम पाण्याखाली ठेवलेली दिसतील. तो पूर नव्हे. हवा तुटून मातीतले सूत्रकृमी आणि तणाचे कंद मरावेत यासाठी ते करतात.

फोटोसाठी सरींमध्ये शिरू नका. बुटांना चिकटलेली माती सूत्रकृमी आणि विषाणू एका शेतातून दुसऱ्यात नेते आणि एका रोगट पट्ट्यापायी अख्ख्या वाफ्याचे कंद निर्यातीला नाकारले जाऊ शकतात.

झ्वानेनवाटरला काय दिसतं?

कलांट्सओखच्या दक्षिणेला टेकड्यांच्या खळग्यांत गोड्या पाण्याची दोन तळी आहेत, सुमारे ६०० हेक्टरच्या राखीव क्षेत्रात. चमच्या पक्ष्यांची वीण हे इथलं वैशिष्ट्य. हाच पक्षी हिवाळ्यात उजनीच्या पाणथळीत पाहणाऱ्यांनी इथे एप्रिल ते जुलैमध्ये यावं. वसाहतीजवळ जाऊ देत नाहीत, दुर्बीण लागतेच.

तिकडे जायचं कसं?

ॲमस्टरडॅमहून डेन हेल्डरकडे जाणाऱ्या रेल्वेनं स्खाखन स्थानकावर उतरा. पेटन किंवा कलांट्सओख तिथून सायकलनं प्रत्येकी साधारण बारा किलोमीटर. स्थानकावरची निळी-पिवळी भाड्याची सायकल घ्यायला डच रेल्वेचं वैयक्तिक कार्ड आणि नोंदणी लागते. पाहुण्यांकडे ती नसते, त्यांनी गावातल्या सायकल दुकानातून आधी सांगून घ्यावी.

वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो आणि पोल्डरमध्ये अडवायला काही नाही. जाताना समोरून वारा घ्या आणि येताना पाठीवर, म्हणजे आधी पेटन, मग किनाऱ्याच्या वाटेनं उत्तरेला कलांट्सओख आणि तिथून परत. उलट केलंत तर दमलेल्या पायांना शेवटचे तास जड जातात.

पूर्वजांची किंवा जुन्या घराची नोंद शोधायची आहे. कुठे पाहावं?

झैपेचे जुने दप्तर अल्कमारच्या प्रादेशिक अभिलेखागारात आहे. जन्म, विवाह, मृत्यू यांची नागरी नोंदणी फ्रेंच राजवटीपासून, म्हणजे १८११ च्या सुमारास सुरू होते. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत शोधावं लागतं.

चूक होते ती गावाऐवजी पालिका चुकल्यामुळे. पेटनचा माणूस १९२८ मध्ये जन्मला असेल तर नोंद पेटनच्या वहीत, १९३० मध्ये जन्मला असेल तर झैपेच्या. कलांट्सओखसाठी १९९० हीच सीमा. सिंट मार्टेन गावातली नोंद झैपेत कधीच मिळणार नाही, सिंट मार्टेन्सब्रुखची मात्र झैपेतच मिळेल. २०१३ नंतरचे दाखले हवे असतील तर अर्ज स्खाखन पालिकेकडे करावा लागतो. पेटनच्या १९४३ पूर्वीच्या घराचा पत्ता आजच्या नकाशावर बसवू नका, रस्त्यांची आखणीच वेगळी आहे. त्यासाठी युद्धापूर्वीचा भूमापन नकाशा मागवा आणि गट क्रमांकावरून शोधा.